वासराच्या कातड्यावरचं शुभवर्तमान

बोथ गावच्या रेणुकाबाईंना सून शिकलेली हवी होती, शहाणी नको होती. सुनयना दोन्ही निघाली. दुपारी आळीतल्या बाया अंग टाकत, तेव्हा ही लॅपटॉप उघडून बसायची. परदेशातलं एक ग्रंथालय बायबलच्या हस्तलिखित ग्रीक पोथ्यांची सूची करत होतं. फोटो पाहून पानं किती, ओळी किती, मजकूर कुठल्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चारपैकी कुठल्या चरित्रातला, हे ती भरून पाठवायची. ग्रीक ती त्यासाठीच शिकली होती, घरबसल्या, हट्टानं.

एकदा माळ्यावरच्या पेटीत तिला तीच अक्षरं दिसली. आजेसासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गोऱ्या डॉक्टरनं मायदेशी जाताना त्यांना दिलेली ही पोथी: योहानाचं शुभवर्तमान, सूचीत कुठेच नसलेलं. तिनं कळवताच ग्रंथालयाचं उत्तर आलं, पानं उलटू नका, फोटोही आम्हीच घेऊ; आमचा माणूस येऊन पोथी पाहील, आणि आमच्या हैदराबादच्या कचेरीत तुम्हाला कायमची नोकरी देऊ. नवरा राजकुमार सोबत जायला तयार झाला. मुलगा हातचा जाणार हे रेणुकाबाईंना दिसलं, आणि त्यांनी पोथी हातात घेतली.

"कागद लय जाड हाये वं," त्या पोथी चाचपत म्हणाल्या.

"कागद नाही, आत्याबाई, वासराचं कातडं हाये. पानी लागलं, ऊन लागलं, का संपलं. हात नका लावू."

खरं बोलायची खोड वाईट. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली, तर गच्चीवर कुरडयांच्या शेजारी पोथीची सुटी केलेली पानं पसरलेली. मे महिन्याच्या उन्हात ती आकसून कडक झाली होती. शाई मोरीतून केव्हाच वाहून गेली होती.

"गोमूत्र टाकून धुतली," रेणुकाबाई म्हणाल्या. "वासराचं कातडं देवाजवळच्या माळ्यावर तसंच कसं ठेवाव?"

"म्या सांगतलं होतं ना पानी लावू नका म्हून!"

"म्हून तं आठवनीनं लावलं."

हे त्या हळूच बोलल्या. राजकुमार जिना चढून आला तसा पदर डोळ्यांना गेला. "म्या अडानी बाई, बापू. मले काय समजते?"

"मायवर काऊन ओरडून राह्यली?" राजकुमार बायकोवरच खेकसला. चोराच्या उलट्या बोंबा, आणि ऐकणारा कान पोटच्या पोराचा.

ठरल्या दिवशी ग्रंथालयाचा माणूस आला. पानं उजेडाकडे धरून त्यानं पाहिली, एक अक्षर लागलं नाही. मग त्यानं सूचीतली नोंद सुनयनालाच लिहायला लावली: मजकूर नष्ट, पोथी सूचीकाराच्या घरी असताना. तिनं लिहिलं. घरातली पोथी जिला सांभाळता आली नाही, तिच्या हाती दुसऱ्यांच्या कशा द्यायच्या, असं तो अगदी सभ्यपणे म्हणाला आणि होतं तेही काम काढून घेऊन गेला.

सुनयना ओट्याशी बसून रडली. सासू जवळ आली, तिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि मायेनं केसांतून बोटं फिरवली.

"उगी वं पोरी. नोकरी गेली तं गेली. मी हावो ना तुले जलमभर."