ब्रिजेटची तारीख

न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये इरावतीच्या शेजारी नोरीन टिअर्नी एकट्या राहायच्या. वय ब्याऐंशी, घराण्यातल्या शेवटच्या. २०१४च्या हिवाळ्यात एकदा त्यांनी इरावतीला कुंपणाशी थांबवलं.

"तू कॉम्प्युटरवाली ना? मला एक तारीख शोधून दे."

त्यांचे आजोबा मायकेल १८८४ साली आयर्लंडमधल्या क्लेअरहून धाकट्या बहिणीला, ब्रिजेटला, घेऊन बोटीने इकडे निघाले. ब्रिजेट वाटेतच तापाने गेली, तिला समुद्रात सोडलं, असं आजोबा सांगत. त्यांच्या थडग्यावर आता नोरीनना तिचंही नाव कोरून घ्यायचं होतं.

इरावती वेलिंग्टनला सरकारी ऑफिसात डेटाबेस सांभाळायची. ट्रेनमध्ये जाता-येता ती फोनवर जुन्या नोंदी चाळू लागली. बोटीवरच्या माणसांची यादी सापडली, वाटेत मेलेल्यांची नावंही सापडली. त्यांत ब्रिजेट नव्हती. ती भावाबरोबर वेलिंग्टनला उतरली होती.

मग मृत्यूच्या नोंदींत ती भेटली. जन्म क्लेअर, अविवाहित, मृत्यू १९४१, मनोरुग्णालयात. तिला तिथे भरती केल्याचा जुना कागदही इरावतीने अभिलेखागारातून मिळवला. कारण: फिट्स येतात. आणून सोडणारा: भाऊ, मायकेल टिअर्नी.

"नोरीन, ती बोटीवर वारली नाही," इरावतीने त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं आणि कागद पुढे केला.

नोरीननी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. "एकेचाळीस? तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दर रविवारी आजोबा आमच्याकडे जेवायला असत. आणि ती इथून अर्ध्या तासावर होती?"

"त्या काळी लोक कदाचित..."

"तू जा आता."

त्यानंतर त्यांनी दार उघडलं नाही. इरावतीला चैन पडेना.

"उगाच खणत बसले मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, त्यांनी तारीख मागितली, तू दिलीस," गुरुदत्त म्हणाला.

"अरे, त्यांच्यापाशी आजोबांच्या आठवणींखेरीज होतं काय?"

पंधरवड्याने नोरीन स्वतःच कोट घालून दारात उभ्या राहिल्या. "तिला कुठे पुरलंय, तेही कळलं असेल तुला."

"हो."

"मग गाडी काढ."

दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात रुग्णालयातली माणसं पुरली होती. एकालाही दगड नव्हता, नुसतं गवत. इरावतीने नकाशा पाहून जागा दाखवली. वारा उभं राहू देत नव्हता, तरी नोरीन हलल्या नाहीत.

"मला सायकल आजोबांनी शिकवली," त्या म्हणाल्या. "पडले की गुडघ्यावर फुंकर घालायचे. त्याच माणसाने हे केलं. आता मी त्यांचं काय करू?"

इरावतीने त्यांचा दंड धरून ठेवला.

परतताना गाडीत नोरीन म्हणाल्या, "आजोबांच्या थडग्यावर तिचं नाव नको. जिवंतपणी त्यांनी तिला घरात ठेवलं नाही. इथेच दगड बसवू."

कोरणाऱ्याला त्यांनी नाव, गाव आणि दोन्ही सालं दिली. खाली एक ओळ सांगितली: मायकेलची बहीण.

"नक्की?" इरावतीने विचारलं.

"हो. त्यांनी जन्मभर लपवलं. कुणीतरी लिहायला हवं."

सप्टेंबरात दगड बसला. नोरीन ओल्या गवतावर गुडघे टेकून खूप वेळ बसल्या. त्यांना उठवायला इरावती आणि गुरुदत्त, दोघंही लागले.