न बोलता वाहणारी वीज

माघातली दुपार उतरणीला लागली होती आणि कोंढारीची खाडी समुद्राकडे परत निघाली होती. पाणी जात होतं मंद, मूक, माघारी पाहत. मागे उरत होता चिखल, रौप्यवर्णी, तेजाळ, लखलखता, जणू एखाद्या महामत्स्याची खवलं उन्हात पसरली होती. कांदळवनाची श्वासमुळं एकेक करून वर आली. बगळे आले. चिखलात उड्या मारत निवट्या आल्या. गेलं ते फक्त पाणी.

आणि त्या रुपेरी रितेपणात एक होडी कुशीवर कलंडून पडली होती.

अमावास्येच्या उधाणात वाळूचा दांडा आपली जागा सोडून थेट होड्यांच्या वाटेत, ओहोटीतही पाणी राहतं तिथंच, येऊन निजला होता. त्यानं कुणाला कळवलं नव्हतं. वाळू कुणाला काय कळवणार? पोशा तांडेलाची होडी हळूहळू येत होती, म्हणून हळूच रुतली, आडवी, वाट अडवून. एका अंगाला कमरेएवढा चिखल, दुसऱ्या अंगाला काळाशार कातळ, समोर डोंगराचं आडवं नाक, आणि त्या नाकापलीकडे समुद्र. मोबाईलची रेंज तो डोंगर ओलांडून कधी आली नाही. भरती येईपर्यंत पोशा तिथला, त्या चिखलाचा, त्या उन्हाचा.

पोशा तांडेल म्हणजे बोलण्याचा बारमाही झरा. देवमाशाच्या पोटात त्यानं दिवाळी केली होती. वादळाला तंबाखू देऊन परत धाडलं होतं. चंद्र जाळ्यात सापडला तेव्हा लहान आहे म्हणून सोडून दिला होता. यातल्या निम्म्या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्यात. उरलेल्या निम्म्या त्याहून खऱ्या आहेत. या साऱ्या कथा सागरावर पसरत त्या होडीतल्या जुन्या सीबी रेडिओ सेटवरून. भंगारात निघालेल्या परदेशी जहाजावरचा तो सेट, गंजल्या कडांचा, घोगऱ्या गळ्याचा, बटण दाबलं की बारीक शीळ घालणारा. बंदरातली प्रत्येक होडी त्याला ओळखी.

पण चिखलात रुतलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, आणि मोकळे हात फार वाईट. पोशानं सेट उघडला, मीठ झाडायला. आत इवलेइवले स्क्रू दिसले, अर्धवट फिरलेले. होडीवर सैल स्क्रू तांडेलाला बघवत नाही. त्यानं एकेक करून सगळे घट्ट आवळले, समाधानानं झाकण लावलं, आणि बिडी पेटवली.

तेवढ्यात सेट बोलला. जयवंताचा आवाज. जयवंत म्हणजे पोशाचा जावई. नव्या होडीवर, याच हंगामात तांडेल झालेला. म्हावरं भरपूर गावलं होतं, म्हणून तो लवकर परतत होता, भरल्या होडीनं, भरधाव. भरधाव, कारण सासऱ्यानंच शिकवलं होतं: नाकाच्या वळणावर पाण्याला ओढ आहे, तिथं इंजिन वाढव, कमी करू नको.

वळणापलीकडे वाळू. वाळूवर आडवी होडी. होडीशेजारी कातळ.

पोशानं माईकचं बटण दाबलं आणि सांगितलं. मग ओरडला. मग गर्जला. उत्तर आलं ते हसू. पलीकडे पोचत होते नुसते तुटके हुंकार, आरोळीचे शेंडे, शब्दावाचून. जयवंत हसत म्हणाला, "मामा, आज कंचं सोंग काढलंत? रेडा झालाव की काय?" मागं त्याचे खलाशी खिदळले. धूर करावा, तर म्हणतील सासरेबुवांनी कालवण चढवलं. आजवर ज्या ज्या थापा मारल्या, त्या साऱ्या भिंती होऊन पोशाभोवती उभ्या राहिल्या, आणि मधोमध तो, एकुलत्या एका खऱ्या गोष्टीसह.

इंजिनाचा ड्रायव्हर हसन खालून वर आला. सेट उघडून त्यानं आवळलेल्या स्क्रूंकडे पाहिलं, आणि नंतर तांडेलाकडे. यातल्या एका स्क्रूवर बायस ठरतो, त्यानं सांगितलं. माणूस बोलत नसतो तेव्हाही शेवटच्या ट्रान्झिस्टरमधून जराशी वीज वाहती ठेवावी लागते. तेवढ्यानं तो जागा राहतो, हळू शब्दही पार नेतो. ती तुटली की तो झोपतो. आरोळीनं दचकतो, शब्दाला उठत नाही. आणि जास्त झाली, तर तापतो, जळतो. दुसरा ट्रान्झिस्टर होडीवर नाही.

बॅटरी तपासायचा मीटर त्यानं तारांना लावला. "तांडेल, बटण दाबून धरा. आणि बोलू नका. एक शब्द निघाला की काटा उडेल, मला कळायचं नाय."

"बटण दाबून गप्प बसू?"

"जन्मात एकदा," हसन म्हणाला.

पोशानं बटण दाबलं. बटण दाबलं की सेट ऐकत नाही. जयवंताचं हसू विझलं, खलाशी विझले. पोशा मुका झाला आणि बहिरा झाला. उरले फक्त डोळे, आणि डोंगरापलीकडून हवेवर येणारा इंजिनाचा ठोका. दूरचा ठोका. जवळचा ठोका. आणखी जवळचा.

हसनचा पेचकस केसभर फिरला. एक बोट ट्रान्झिस्टरच्या पाठीवर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावं तसं. काटा थरथरला. केसभर अजून. काटा चढला, थबकला, चढला. पोशाच्या ओठांमागे शब्दांचं उधाण, दातांचा बांध, आणि बांधाला तडे. देवमासा आठवला, चंद्र आठवला, लेकीची हळद आठवली. घामाचे थेंब पडत होते, शब्द नाही.

आणि ठोका थांबला.

डोंगरापलीकडे, एकाएकी, ठोका थांबला. बगळ्यांनी माना वळवल्या. त्या शांततेत पोशाला फुटलेली फळी दिसली, पाण्यावर विखुरलेली मासळी दिसली, लेकीचं मोकळं कपाळ दिसलं. बटणावरचा अंगठा पांढरा पडला. तरी तो बोलला नाही. हसनचं बोट अजून तापावर होतं.

"झालं," हसन म्हणाला. "आता हळू बोला."

गर्जायला गळा उरलाच नव्हता. तान्ह्या पोराशी बोलावं तसं पोशा म्हणाला, "जयवंता, वळणावर येऊ नको. मी वाटेत आडवा हाय." आणि अंगठा सोडला.

सेट खरखरला. खरखरला. मग आवाज आला, हसू पुसून टाकलेला.

"मामा, वळणाच्या आधीच इंजिन बंद केलंय. मघा तुमच्या सेटची बारीक शीळ यायला लागली. नुसती शीळ. बटण दाबलंय आणि तुम्ही गप्प? माझं हातपाय गार पडलं, मामा. म्हटलं, पुढं काय तरी झालंय."

पोशानं माईक खाली ठेवला. हसन पेचकस पुसत राहिला.

सूर्य समुद्रावर टेकला तेव्हा डोंगराच्या नाकाआडून नव्या होडीचं तोंड दिसलं, हळदीरंगी, हळुवार, बिचकत. पुढल्या टोकाला जयवंत उभा होता. बांबू बुडवी, तळ चाचपी, बांबू उचली. बुडवी, चाचपी, उचली. त्या बांबूपासून निघालेलं एक वर्तुळ सोनेरी पाण्यावरून सरकत आलं, पसरत आलं, पातळ होत आलं, आणि रुतल्या होडीच्या कण्याला लागून, अलगद, विरून गेलं.