पिशवीवरचा हंस

सांगोल्याचे निवृत्त हेडक्लार्क सिद्धनाथराव यांच्या यकृतात गळू आहे, हे कळायला दोन आठवडे लागले. तोवर त्यांच्यावर पित्ताचे, टायफॉइडचे आणि मेव्हण्याच्या ओळखीतल्या काढ्याचे उपचार होऊन गेले होते. शेवटी सोलापुरात सोनोग्राफी झाली.

"संत्र्याएवढं आहे," डॉक्टर सई म्हणाली.

"डाळिंबाएवढं म्हणा," सिद्धनाथराव तापातही म्हणाले. डाळिंबांच्या तालुक्याचा अभिमान कुठं दाखवावा, याला काही नियम नाही.

सुई घालून पू काढला, तपासायला पाठवला, इंजेक्शनं सुरू झाली आणि बरगडीखालून एक नळी आत राहिली. तिच्या टोकाला पिशवी. चोवीस तासांत पिशवीत किती पू येतो, यावर डॉक्टरांचा सगळा हिशेब. सिद्धनाथरावांची मागणी एकच होती: पुन्हा सुई नको. पहिल्या सुईच्या वेळी त्यांनी अख्ख्या वैद्यकशास्त्राचा उद्धार केला होता.

तीन दिवस रोज सकाळी पिशवी जवळजवळ रिकामी. ताप मात्र हलेना.

"नळी चोंदलीय," सई म्हणाली. "उद्या दुसरी घालू."

सिद्धनाथरावांनी त्या दिवशी जेवण सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांची बहीण चिमाबाई भाकरी बांधून गावाहून थेट खाटेपाशी. आगाऊ फोन नाही, काही नाही.

"अगं बया! वैनी, ही काय घाण टांगून ठिवलीय हितं?"

सिद्धनाथरावांच्या पत्नी विजयमालाबाई झोपेतून उठून पिशवीकडे झेपावल्या. "आत्ता ओतून येते, वन्सं! रोज पहाटेच ओतते हो, आज नेमका डोळा लागला."

मागं सई उभी होती. "रोज ओतता?"

"मग? माणसं भेटायला येतात. बरं दिसतं का?"

सईनं पिशवी उजेडात धरली. "दोनशे मिली! अहो, नळी झकास चाललीय!"

पू बघून इतकी हरखलेली पोरगी चिमाबाईनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं भावाला हळूच विचारलं, "दादा, हिचं लगीन झालंय का न्हाई?"

सोनोग्राफीत गळू निम्म्यावर आलेलं दिसलं. दुसरी नळी रद्द. दुपारी पुवाचा रिपोर्ट आला. जंतू चालू इंजेक्शनला दाद देत नव्हते, म्हणून औषध बदललं. ताप उतरू लागला.

पिशवीला हात लावायचा नाही, असा विजयमालाबाईंना हुकूम झाला. "आता ओतशील तर याद राख," सिद्धनाथरावांनी पुस्ती जोडली. विजयमालाबाईंनी तो हुकूम तंतोतंत पाळला.

दुसऱ्या सकाळी पिशवीवर क्रोशाचा रुमाल होता, मधोमध पांढरा हंस. घरी तो मिक्सरवर असे.

सईनं रुमाल उचलला, आकडा वाचला, आणि विजयमालाबाईंच्या नजरेखाली, हंस सुलटा येईल असा, परत घातला.