काठीची परीक्षा

माझी बायको बानूबाई गेली त्याला आता आठ महिने झाले. तिच्याशी मी सोळा दिवस कसा वागलो, ते लिहून ठेवतो.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती उठली आणि काही दिसत नाही म्हणाली. इंदापूरला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. डोळे स्वच्छ आहेत, मोतीबिंदूही नाही, म्हणाले. मग मी तिला हात धरून परसात नेऊ लागलो, भाकरी हातात देऊ लागलो.

एकदा अंगणात कोंबडी आडवी पळाली आणि बानू थबकली. माझी भावजय सारजा तिथंच होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, आंधळ्याला कोंबडी दिसती व्हय? चुलीपुढनं सुटायचा मार्ग हाय ह्यो."

वडिलांच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. बाजारात मेंढरू घेताना त्याच्या डोळ्यांपुढून काठी फिरवायची, अंगाला न लावता. मान चुकवली तर त्याला दिसतं. दुपारी बानू ओट्यावर बसली होती. मी चपला काढून गेलो, श्वास धरला आणि काठी फिरवली. तिनं मान मागं घेतली.

मी तिला काही बोललो नाही. हात धरायचं तेवढं सोडलं. ती हाक मारायची, मी गोठ्यातून ओ द्यायचो आणि तिथंच थांबायचो. सोळाव्या दिवशी ती उंबऱ्याला अडखळून पडली, मनगट मोडलं.

बारामतीत हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि डोळ्यांचं ऐकून मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या बाई होत्या. स्कॅन झाल्यावर मी त्यांना काठीचं सांगितलं, चोरी पकडून दिल्यासारखं. त्यांनी बानूपुढं पेन हलवला आणि कुठं सरकतोय विचारलं. दिसत नाही, बानू म्हणाली. अंदाजानं सांगा, म्हणाल्या. दहातले नऊ अंदाज बरोबर आले.

बाईंनी मला समजावलं. डोळ्यांतून मोठा रस्ता मेंदूच्या मागच्या भागाकडं जातो. झटका येऊन रक्त न पोचल्यानं तो भाग मेला, म्हणून तिला दिसत नाही. पण लहान वाटाही आहेत. त्या मेंदूच्या मधल्या भागातून वळसा घालून वरच्या थरात पोचतात. हलणारी वस्तू त्या वाटेनं कळते आणि मान आपोआप फिरते. मात्र आपल्याला कळलं, हे तिला कळत नाही. उंबरा हलत नाही, म्हणून तो चुकला.

"तुमच्या बाई खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी बानूला सगळं सांगितलं, काठीचंही. लासुर्णं गाव मागं पडलं. मग ती म्हणाली, "मेंढरू समजलासा व्हय मला?"

तिनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"मी खरंच मान मागं घेतली?"

"व्हय."

"मला ठावं न्हाय." मग म्हणाली, "म्हंजी दिसत न्हाय म्हनत हुते, ते खरंच हुतं."

"व्हय."

"मग हात धरा. निमगाव आलं की उतरायचं हाय."

पुढं दीड वर्ष ती होती. परसात, विहिरीवर, दवाखान्यात, सगळीकडं मी हात धरून नेलं. दुसरा झटका आला तेव्हाही हात माझ्या हातात होता. लोक म्हणतात, तुम्ही तिचं खूप केलं. मला ते सोळा दिवस आठवतात.