पाकिटावरचा शेरा

विमा कार्यालयातल्या बाईंनी तिन्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. पुराच्या पाण्यात ती फुगली होती आणि वाळल्यावर पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. कडांना गाळाची रेघ होती. पण तिन्ही अजून बंदच होती.

"काका, ही उघडलीच नाहीत तुम्ही?"

"नाही. बायकोच्या नावाची आहेत."

शेजारी बसलेल्या लेकीनं कपाळाला हात लावला. मागे रांगेत पंधरा-वीस माणसं होती, सगळी तळ्याकाठची, प्रत्येकाच्या हातात ओले कागद. ती माणसं ऐकत होती, पण ऐकत नसल्यासारखी उभी होती.

काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी तळ्याकाठच्या गल्ल्यांत पत्रं वाटली. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातही तोच कायदा चाले. त्यांचं घर त्यांच्याच वाटेवरचं शेवटचं घर. खिशात किल्ली असूनही ते फाटकातून "पत्र" म्हणून हाक द्यायचे. बायको हात पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "सही कुठे करू, साहेब?" साध्या पत्राला सही लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज विचारायची.

पुराचा विमा तिनंच काढला होता, स्वतःच्या नावानं. घरही तिच्याच नावावर होतं, तिच्या वडिलांनी दिलेलं. पोस्टमन तेव्हा हसले होते. तळं काय आपल्याकडे चहाला येणार आहे का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आलं तर कप तुम्ही धुवा." त्यानंतर बावीस वर्षं तळं आपल्या जागी राहिलं आणि ती दर वर्षी न चुकता हप्ता भरत राहिली. नूतनीकरणाचं पत्र आलं की पोस्टमन ते तिच्या हातात देत, आणि त्यांच्या लेखी विषय तिथेच संपत असे.

सात महिन्यांपूर्वी ती गेली. सोमवारी ताप आला, गुरुवारी सगळं आटोपलं. लेक पंधरा दिवस राहिली, दाखले काढले, भांडी आवरली आणि आपल्या घरी परतली. जाताना म्हणाली, आईच्या नावाचे कागद तेवढे बघा. पोस्टमन बघतो म्हणाले.

तसं त्यांनी बघितलंही. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस पेटीत पत्र टाकून जाई. ते आणून पोस्टमन तिच्या टेबलावर ठेवत, चष्म्याच्या डबीशेजारी, पत्ता वर करून. एक आलं, मग दुसरं, मग तिसरं.

आता पोस्टमनच्या धंद्यात अशा पत्राचं काय करायचं हे ठरलेलं असतं. पत्र ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तो माणूस जगात नसेल तर पाकिटावर 'मयत' असा शेरा लिहायचा, खाली तारीख आणि सही करायची, आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत धाडायचं. तिसरी वाट नाही. हा शेरा त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता. लहानपणच्या मास्तरांच्या पत्रावर लिहिला, सख्ख्या मित्राच्या पत्रावर लिहिला. पण एक पथ्य पाळलं. ऐकीव बातमीवर शेरा लिहायचा नाही. दारात जायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं. घरातलं कुणीतरी स्वतःच्या तोंडानं "ते नाहीत आता" म्हणेपर्यंत पेन काढायचं नाही.

बायकोच्या पत्रांना मात्र त्यांनी तिसरी वाट काढली. घरात विचारायला कुणी आलं नाही आणि सांगायलाही कुणी नव्हतं.

मग तळ्याचं पाणी चढलं. आधी पायरी गेली, मग उंबरा, मग पाणी कमरेला लागलं. पोस्टमन शेजाऱ्याच्या गच्चीवर दोन दिवस बसून होते. पाणी उतरल्यावर घरी आले तर स्वयंपाकघराची भिंत आडवी झालेली, फरशी खचलेली, टेबल दारात अडकलेलं. पाकिटं खणाच्या फटीत सापडली. त्यांनी ती दोरीवर चिमटे लावून वाळवली. लेक येऊन पोचली तेव्हा बाप चिखलात उभा राहून पाकिटांवर लक्ष ठेवत होता.

घर पुन्हा उभं करायचं तर विम्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पोस्टमनना मरेपर्यंत त्याच घरात राहायचं होतं, आणि हे लेकीला माहीत होतं. म्हणूनच ती दोन तास त्यांच्यासोबत रांगेत उभी राहिली होती.

बाईंनी संगणकात पाहिलं. विम्याची मुदत संपल्यावर एकोणिसाव्या दिवशी पूर आला होता. पहिलं पत्र आठवण देणारं होतं, दुसरंही तेच, तिसरं विमा बंद झाल्याचं.

"आमच्याकडे तुमच्या मिसेस हयात आहेत अजून," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हयात माणसानं हप्ता भरला नाही, तर विमा बंद होतो."

मग त्यांनी नियम समजावून सांगितला. विमा चालू असताना मृत्यूची खबर कार्यालयाला मिळाली असती, तर वारसाला मुदतीनंतर तीन महिने मिळाले असते आणि पूर त्यात बसला असता. खबर द्यायला मोठा अर्जही लागत नव्हता. पहिलंच पाकीट घरच्या माणसानं शेरा लिहून परत केलं असतं तरी चाललं असतं.

पोस्टमननी आयुष्यात पत्राचं एकच काम अर्धवट सोडलं होतं, तेही स्वतःच्या घरचं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाल्या, आमचाही तळमजला पाण्यात गेला, आवकजावकच्या वह्या भिजल्या. पुराआधीच्या दोन महिन्यांत परत आलेली पाकिटं आता आवक-शिक्क्याशिवाय घेतोय, पाकिटावरची तारीखच धरतोय. एवढं बोलून त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पोस्टमनच्या बाजूला टोपण करून, आणि त्या कपाटातली फाइल शोधायला उठल्या.

लेकीला लगेच कळलं. ती बापाच्या कानाशी वाकली. "बाबा, दोन महिने मागची तारीख टाका, विमा चालू होता तेव्हाची. अक्षर तुमचं, सही तुमची. खोटं काय आहे त्यात? आई गेलेलीच होती ना?"

"गेली होती."

"मग लिहा."

पोस्टमननी पहिलं पाकीट पुढे ओढलं. तिचं नाव छापील अक्षरांत होतं, पण पाण्यानं त्यातली दोन अक्षरं पसरली होती. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं आणि थांबले. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, जेमतेम ऐकू येईल इतकं.

"ती नाही आता."

मग लिहिलं. मयत. अक्षर सरळ आलं. खाली तारीख टाकली, आजची.

लेकीनं ती वाचली. "बाबा," ती म्हणाली. "घर जाईल हो."

"दोन महिन्यांपूर्वी मला हे लिहिता आलं नव्हतं," पोस्टमन म्हणाले. "रोज पेन घेऊन बसायचो. तेव्हा लिहिलं होतं असं आता कसं दाखवू, बाळा?"

दुसरं पाकीट घेतलं. मयत, तारीख, सही. मग तिसरं. लेकीनं त्यांना अडवलं नाही. तिनं फक्त हातानं पाकीट धरून ठेवलं, कारण ते फुगलेलं होतं आणि लिहिताना हलत होतं.

बाई फाइल न घेताच परत आल्या. त्यांनी तारखा पाहिल्या. एकदा पोस्टमनकडे पाहिलं. तिन्ही पाकिटांवर त्यांनी दिवसाचा शिक्का मारला आणि संगणकात एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द भरला. त्याला फार वेळ लागला नाही.

"झालं, काका."

पोस्टमन उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. लेकीनंही घाई केली नाही. बाईंनी पुढचा नंबर पुकारला, थोड्या वेळानं पुन्हा पुकारला. ज्याचा नंबर होता तो माणूस खुर्चीच्या अगदी मागे उभा होता, कागदांची ओली पिशवी छातीशी धरून. तो पुढे आला नाही. मान खाली घालून तो आपली पावती वाचत राहिला आणि त्याच्या मागची रांगही जागची हलली नाही.