मिस्त्रींचा सकाळचा पाठ

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टच्याच खड्ड्यात पडला, ही गोष्ट लोकांनी चार दिवस चवीने सांगितली. मग ती शिळी झाली. मिस्त्री वाचले, याला नशीब म्हणायचं की आणखी काही, ते त्यांच्या बायकोला तीन वर्षांत ठरवता आलं नव्हतं. कमरेखालचं सगळं गेलं होतं. डोक्याचा मार मात्र वरून दिसत नव्हता, आणि जे दिसत नाही त्याची भरपाई विमा कंपनी कशाला देईल? पायांचं कंपनीने मान्य केलं. डोक्याचं म्हणाली, सिद्ध करा.

ते सिद्ध झालं तरच सांभाळायला माणूस ठेवता येणार होता आणि बायकोला शिलाईच्या कारखान्यात परत जाता येणार होतं. एकटं सोडायची सोय नव्हती. मिस्त्री जेवून हात वाळायच्या आत पुन्हा जेवण मागत, आणि बिनसलं की हाताला लागेल ते फेकत.

रोज सकाळी अंग पुसून, कूस बदलून झाली की ती त्यांचा पाठ घ्यायची. विचारत राहा, नाहीतर आहे तेही जाईल, असं हॉस्पिटलमधल्या नर्सने बजावलं होतं.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मी कोण?"

"तू? पोलीस!" मग डोळे मिचकावून, "अगं, बायको माझी."

या एका 'अगं'वर तिचा दिवस निघायचा.

कंपनीचे डॉक्टर तपासायला येणार म्हणून तिने घर आवरलं, मिस्त्रींची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. परक्या माणसासमोर आपल्या नवऱ्याला गबाळा कोण बसवेल? पाठही दोनदा घेतला.

डॉक्टरांनी वार विचारला, वर्ष विचारलं, ही बाई कोण ते विचारलं. मिस्त्रींनी पोपटासारखं सांगितलं. वर, "तुमच्याकडे लिफ्ट अडकली तर कळवा हं डॉक्टर," असंही म्हणाले. डॉक्टर हसले. बायकोचा ऊर भरून आला. वेडी कुठली!

डॉक्टर कागद आवरायला लागले तेव्हा ती घाईने पुढे झाली. "साहेब, हे मी रोज घोकून घेते हो. दुसरं काही विचारा ना. सकाळी काय खाल्लं ते विचारा."

"काय मिस्त्री, खाल्लं का काही?"

"झालं की पोटभर. तुम्ही घ्या ना काहीतरी," मिस्त्री अदबीने म्हणाले.

सकाळचं ताट त्यांनी भिंतीवर भिरकावलं होतं. भिंत तिनेच घासून पुसली होती.

अहवाल आला: स्मरण उत्तम, वागणं समंजस, सतत सोबतीची गरज नाही.

"आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात," तिचे वकील म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी मागतो. तोवर तो पाठ बंद. खोटं काही करायचं नाही, फक्त शिकवायचं नाही."

तिने बंद केला. पहिले काही दिवस मिस्त्री वाट बघायचे. "आज वार नाही विचारलास?" ती तोंड फिरवून उशा झटकत राहायची. पुढे त्यांनी वाट बघणं सोडलं. कधी तिला सिस्टर म्हणायचे, कधी काहीच नाही. ती मोरीत नळ सोडून रडायची आणि अजून किती महिने ते मोजायची.

दुसऱ्या तपासणीत वार आला नाही, वर्ष आलं नाही. समोरच्या बाईकडे मिस्त्रींनी बराच वेळ पाहिलं आणि ओशाळून मान हलवली. जिंकलो, असं तिला वाटलं. लाज वाटली, तरी वाटलंच.

अहवाल असा होता: अपघातानंतर तीन वर्षांनी स्मरण उत्तम असल्याची नोंद आहे, त्यामुळे त्यापुढची घसरण अपघातामुळे झाली असं धरता येत नाही. वकिलांनी तो दोनदा वाचून दाखवला, अपिलाचं काहीतरी पुटपुटले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसून झाल्यावर ती पलंगाशेजारी बसली.

"आज वार कोणता?"

मिस्त्री विचारात पडले.

"बरं, राहू दे. मी कोण?"

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि जरा सावरून म्हणाले, "बसा ना. आमची बायको येईलच एवढ्यात."