मफलर घातलेले टाके

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्यांना ड्रायव्हरदादाच म्हणत. शहरातली बस चालवण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता: शेवटचा थांबा आल्याशिवाय आपण कधी गाडी वळवली नाही. रस्ता तुंबला की वरून हुकूम यायचा, अर्ध्यातून परत फिरा. बाकीचे मुकाट्याने फिरायचे. दादा साहेबांशी हुज्जत घालायचे, बोलणी खायचे आणि गाडी शेवटपर्यंत नेऊनच सोडायचे. पुढच्या थांब्यावर कोणी ताटकळत उभा असेल तर त्याने काय करायचं, असा त्यांचा सवाल असे.

बायकोचं राज्य लोकरीचं. नात्यागोत्यात असा पाय सापडला नसता ज्यात तिने विणलेला मोजा गेला नव्हता. पण यंदा तिच्या बोटांचे सांधे आखडले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि बारीक काम बंद म्हणून सांगितलं. चहाचा कप धरता येई, सुई धरता येईना. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी मोजे घेतले होते विणायला. त्यातला एक पुरा झाला आणि दुसरा टाचेपाशी येऊन अडला.

एका सकाळी तिने लोकरीची टोपली उचलून दाराशी नेऊन ठेवली. "रविवारी मुलगी येईल तिच्याबरोबर देऊन टाकू. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

ती रडली असती, भांडी आपटली असती, तर दादांनी निभावून नेलं असतं. पण ती अगदी शहाण्यासारखं बोलली आणि ते शहाणपणच त्यांना सहन होईना. टोपली गेली की ही अशीच खिडकीशी बसून राहणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"दुसरा मोजा मी पुरा करतो," ते म्हणाले.

"तुम्ही?" तिने मान वळवली. "शर्टाला बटण लावताना बाहीच शिवून टाकली होतीत."

"तेव्हा तू शेजारी नव्हतीस."

आता बोललो तर खरं, पण करायचं कसं? आधी उरल्यासुरल्या लोकरीची एक पट्टी विणून त्यांनी सुलट आणि उलट टाका हातात बसवला. पट्टी कशालाच लावण्यासारखी नव्हती, पण टाके सुटत नव्हते. मग टोपलीतून मोजा बाहेर आला.

हा मोजा पायाच्या बोटांकडून सुरू होऊन वर चढत जाणारा. त्यामुळे विणता विणता सुयांसकट पायात चढवून बघता येतो. दादा गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि तिचं पाऊल हातात घेतलं.

"अहो, सोडा! गुदगुल्या होतात!" म्हणत ती खिदळली. ते हसू घरात कितीतरी दिवसांनी ऐकू आलं होतं. दादांनी मुद्दामच जरा वेळ लावला.

टाच जवळ आलेली दिसली. पावलाच्या वरच्या बाजूचे टाके आपल्या सुईवर स्वस्थ पडून राहणार होते. काम करायचं ते खालच्या अर्ध्या टाक्यांनी. इथपर्यंत ठीक. पुढे बायकोची पंचाईत झाली. आजवर तिने दहाजणींना टाच शिकवली होती, पण ती हातांनी. "हे असं घ्यायचं, हे असं फिरायचं," एवढंच तोंडाने. आता हात मांडीवर पडलेले आणि तोंडाला शब्द सापडेनात.

"शेवटचा टाका सोडायचा आणि वळायचं," ती म्हणाली.

"सोडायचा म्हणजे पाडायचा?"

"पाडायचा नाही हो! सुईवर राहू द्यायचा."

"एकच तर राहिलाय. विणूनच टाकतो की."

आणि विणून टाकला. पुढच्या ओळीत तेच, त्याच्या पुढच्या ओळीत तेच. प्रत्येक ओळ ते इमानेइतबारे शेवटच्या टाक्यापर्यंत नेत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मोजा कौतुकाने वर धरला, तर मागे एक सपाट पट्टी लोंबत होती.

"हे काय आहे?"

"टाच."

"ही टाच नव्हे, जीभ आहे. मोजा वाकुल्या दाखवतोय तुम्हाला."

उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा जीभ. तिने सांगून सांगून घसा कोरडा केला, पण ओळीचं टोक जवळ आलं की दादांचे हात ऐकतच नसत. शनिवारी दुपारी तिसरी जीभ उसवताना त्यांच्या नाकी नऊ आले.

"माझ्याने नाही होत हे अर्ध्यातून वळणं," ते वैतागून म्हणाले. "मागे एकजण उभा आहे आणि आपण गाडी फिरवून चालते व्हायचं?"

ती खुर्ची ओढत ओढत त्यांच्या शेजारी आली.

"बरं, उभा आहे ना तो? थंडीत उभा आहे. मग त्याच्या गळ्यात मफलर घाला."

"काय घाला?"

"लोकरीचा एक वेढा हो! त्या टाक्याच्या गळ्याभोवती फिरवा. त्याला सांगा, बाबा रे, हा मफलर घे, थांब इथेच, येतोच मी परत. आणि मग वळा."

दादांनी वेढा घातला आणि वळले. हात अडले नाहीत. पलीकडच्या टोकाला आणखी एकाला मफलर मिळाला. दर ओळीला आलटून पालटून एकेका टोकाला एक प्रवासी वाढत होता आणि फेरी आखूड होत होती. मध्ये थोडेच टाके उरले तेव्हा ती म्हणाली, "आता परतीच्या फेऱ्या. दर वेळी एक थांबा पुढे जायचं आणि उभा असलेल्याला मफलरसकट उचलायचं. टाका आणि वेढा, दोन्ही एकदम विणायचं. मफलर विसरलात तर तिथे भोक पडेल."

दादा जिवाचा कान करून ऐकत होते. एकदा विसरले, तशी ती ओरडली, "अहो, त्याचा मफलर राहिला!" आणि दादांनी चार टाके मागे येऊन त्याला उचललं. एकालाही मागे ठेवलं नाही. शेवटचा प्रवासी गाडीत आला आणि त्यांनी बघितलं तर सुयांच्या मध्ये एक खोलगट वाटी तयार झाली होती. आत अंगठा घातला तर तो चक्क बसला. दादांचे डोळे भरून आले आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"जरा तिरकी आहे," बायको म्हणाली. पण सबंध दुपार तिचं खिडकीकडे लक्ष गेलं नव्हतं.

रविवारी मुलगी आली ती घाईतच. दाराशी ठेवलेली टोपली तिने काखोटीला मारली आणि आत डोकावली. आई खुर्चीत बसली होती. एका पायात पुरा मोजा, दुसऱ्या पायात घोट्यापर्यंतचा, त्यातून सुया चारी बाजूंना डोकावत होत्या. बाबा जमिनीवर बसून टाचेपाशी बोट फिरवून बघत होते.

"अगंबाई! टाच झाली?" मुलगी म्हणाली. "तुला तर डॉक्टरांनी बंद केलंय ना? कोणी विणली?"

दादांनी छाती जराशी पुढे काढली.

"मी विणली," बायको म्हणाली. "हात तेवढे ह्यांचे होते. टोपली ठेव खाली. अजून वर पोटरीपर्यंत जायचंय आम्हाला."